हवेची गळती आणि संघाचा खर्च

शेतकऱ्यांच्या मासिकांत कार्यशाळेंतील हवेवर लेख कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल, व तो अगदींच गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. खत, बियाणें, बाजारभाव व पाऊसपाणी यांनीं भरलेल्या या पानांत कॉम्प्रेसरला जागा मिळावी, हें वीस वर्षांपूर्वीं आम्हांसहि चमत्कारिक वाटलें असतें. परंतु काळ पालटला आहे. ज्या शेतकरी संघाजवळ पूर्वीं एखादें मळणीयंत्र व दोन लोखंडी नांगर असत, त्याच्याजवळ आज भाड्यानें द्यावयाचे ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्रें व मालवाहू गाड्या असून, त्या सर्वांच्या दुरुस्तीकरितां स्वतःची कार्यशाळाहि असते. डाळमिल असली तर काळा दाणा व खडा हेरून बाजूस काढणारें सॉर्टेक्स यंत्र असतें, आणि तें यंत्र दाणा उडवितें तें दाबाच्या हवेच्या फुंकरीनेंच. टायर फुगविणें, गंजलेले नट सोडविणें, अवजारांस रंगाचा फवारा देणें, रेडिएटरच्या जाळींतील भुसा झाडणें, या सर्व कामांस तीच हवा लागते. ती तयार होते वीज खर्चून, आणि विजेचें बिल भरलें जातें सभासदांच्या पैशांतून. तेव्हां हा विषय शेतकऱ्याचा नव्हे असें कसें म्हणावें?

आमची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेली. यंत्रविद्येंत आम्ही पारंगत नाहीं, व तसा आव आणण्याची आमची इच्छाहि नाहीं. परंतु मागणी किती, वसूल किती व बाकी किती, या तीन रकान्यांत जग पाहण्याची संवय एकदां जडली म्हणजे ती सेवानिवृत्तीनंतरहि सुटत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका संघाचे हिशेब पाहण्याचा योग आला, तेव्हां कार्यशाळेच्या वीजबिलाकडे आमचें लक्ष गेलें. काम तेवढेंच, माणसें तेवढींच, आणि बिल मात्र चढतें. चौकशी करितां मिस्त्री हंसून म्हणाला, “भाऊसाहेब, हवा थोडीफार गळायचीच. हवा काय आपण विकत आणतों?” आणि त्याच सुमारास त्या संघाच्या सभेपुढें एक ठराव आला कीं, हवा पुरत नाहीं, सबब दुसरा मोठा कॉम्प्रेसर विकत घ्यावा. हा लेख लिहिण्यास आम्हांस प्रवृत्त केलें तें या दोन गोष्टींनीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, आहे त्या व्यवस्थेंतील गळती मोजून तिचा आंकडा सभेपुढें ठेविल्याशिवाय कोणत्याहि संघानें नव्या कॉम्प्रेसरवर एक पैसाहि खर्च करूं नये.

मिस्त्र्याचा समज कार्यशाळेंत सर्वत्र आढळतो, म्हणून त्याचा विचार आधीं करूं. हवा फुकट आहे हें खरें. पण दाबाची हवा फुकट नाहीं. विहिरींतील पाणी फुकट असलें तरी तें वर चढविण्यास पंपाची वीज लागते, तसेंच हें आहे. किंबहुना पंपाहून येथें नुकसान पुष्कळच अधिक होतें. हवा दाबली कीं ती तापते, आणि कॉम्प्रेसरच्या डोक्यास चुकून हात लागला तर तिची प्रचीति लागलीच येते. मोटरीस दिलेल्या शंभर युनिट विजेपैकीं हत्याराच्या टोंकाशीं प्रत्यक्ष कामाच्या रूपानें पोहोंचतात त्या दहा-पंधरा युनिटच; बाकीची शक्ति बहुतेक सारी उष्णता होऊन जाते. म्हणजे दाबाची हवा ही कार्यशाळेंतील सर्वांत महाग वस्तु होय. डिझेलचा थेंब सांडला तर आम्ही ओरडतों, आणि त्याहून महाग अशी ही हवा रात्रंदिवस फुसफुसत असतां तिच्याकडे कोणी पाहत नाहीं, याचें कारण इतकेंच कीं डिझेलाचा डाग पडतो व वास येतो. हवेचा ना डाग, ना वास.

भोंक केवढें असलें म्हणजे किती हवा जाते, याचा अंदाज पुष्कळांस नसतो. ७ किलो, म्हणजे जुन्या भाषेंत सुमारें १०० पौंड दाबावर, १ मिलिमीटर व्यासाच्या भोंकांतून दर सेकंदास अदमासें १ लिटर हवा निघून जाते. व्यास दुप्पट झाला तर गळती चौपट होते, तिप्पट झाला तर नऊपट. ३ मिलिमीटरचें भोंक म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनहि लहानच. पण तेवढ्या भोंकाची भरपाई करण्यास कॉम्प्रेसरला सुमारें ३ किलोवॅट शक्ति खर्चावी लागते. चार अश्वशक्तीचा पंप विहिरीवर दिवसभर चालूं ठेवून पाणी परत विहिरींतच सोडून द्यावें, तसला हा प्रकार आहे. विहिरीवर असें कोणी करील तर गांव त्यास वेड्यांत काढील.

आमच्या वाचकांस कालव्याच्या पाण्याचा अनुभव आहे, म्हणून त्याच दाखल्यानें पुढील गोष्ट सांगतों. चारीला जागोजाग पाझर असला म्हणजे टेलच्या शेतकऱ्यास पाणी पोहोंचत नाहीं. तो ओरड करितो, मग वरचें दार आणखी उचललें जातें. दार उचललें कीं चारींत पाणी चढतें, आणि चढलेल्या पाण्याबरोबर पाझरहि वाढतो. टेलवाल्याच्या पदरीं अखेर थोडेंच पडतें, पण धरणाचें पाणी मात्र दुप्पट वेगानें उतरतें. कार्यशाळेंत हुबेहूब हेंच घडतें. शेवटच्या नळावर नट सोडविणारें हत्यार ओढ धरीत नाहीं, म्हणून कामगार ओरड करितो. मग कोणी तरी जाऊन कॉम्प्रेसरचा दाब ७ किलोवरून ८ किलोवर नेतो. त्याबरोबर वाटेंतील प्रत्येक भोंकांतून पूर्वींपेक्षां अधिक हवा जाऊं लागते, मोटरीवर भार वाढतो, आणि चार महिन्यांनीं तीच ओरड पुन्हां सुरू होते. अशा रीतीनें दोन-तीनदां दाब वाढविला, तोहि पुरेना, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्रेसरचा ठराव येतो. नवा कॉम्प्रेसर आला तर तोहि त्याच भोंकांना हवा पुरवूं लागतो.

आतां गळती मोजावी कशी, तें सांगतों. यास कोणतेंहि महाग उपकरण लागत नाहीं; हातावरचें घड्याळ व कागद पेन्सिल पुरे. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनें ऊर्जा तपासनिसांकरितां जीं मार्गदर्शक पुस्तकें काढलीं आहेत, त्यांत हीच रीत दिलेली आहे. कार्यशाळेंतील सर्व हत्यारें बंद करावीं, परंतु नळ्या व टाकी यांचे व्हॉल्व्ह नेहमींच्या कामाच्या वेळीं जसे उघडे असतात तसेच उघडे ठेवावे. कॉम्प्रेसर चालूं करून दाब भरूं द्यावा. दाब पुरा झाला कीं मोटर आपोआप थांबेल. कोणीच हवा वापरीत नसल्यामुळें ती थांबूनच राहावयास पाहिजे. पण गळतीमुळें दाब उतरतो व ती पुन्हां चालूं होते. ती किती वेळ चालते व किती वेळ थांबते, हें चार-पांच फेऱ्या पाहून टिपावें. चालण्याच्या वेळेस चालणें व थांबणें यांच्या बेरजेनें भागून शंभरानें गुणलें, कीं गळतीचें शेंकडा प्रमाण निघतें.

उदाहरणार्थ, कॉम्प्रेसर १० अश्वशक्तीचा आहे, आणि तो ३ मिनिटें चालून ७ मिनिटें थांबतो असें धरूं. गळती शेंकडा ३० झाली. असा कॉम्प्रेसर भरावर असतां तासाला सुमारें ८ युनिट वीज घेतो. दिवसाचे दहा तास टाकींत दाब ठेविला, तर त्यांतील तीन तास तो केवळ गळतीपायीं चालतो, म्हणजे रोज २४ युनिट व ३०० दिवसांचे ७,२०० युनिट. युनिटास ९ रुपये दर धरिला तर ही रक्कम वर्षास ६४,८०० रुपये होते. ज्या संघांत एका टायरच्या खरेदीवर सभासद अर्धा तास वाद घालतात, तेथें ही रक्कम दरसाल कोणाच्याहि सहीशिवाय खर्चीं पडत असते. रात्रीं बटण बंद करण्याचें विसरलें तर हिशेब याच्या दुपटीवर जातो. आणि शेंकडा ३० हें प्रमाण आम्ही भीति घालण्याकरितां घेतलेलें नाहीं. ज्या ठिकाणीं गळतीकडे लक्ष दिलें जात नाहीं तेथें एकंदर हवेपैकीं शेंकडा २० ते ३० इतकी वाया जात असल्याचें अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानेंहि नमूद केलें आहे; नीट निगा ठेविली तर तेंच प्रमाण शेंकडा १० च्या खालीं आणतां येतें. अजिबात शून्य करण्याच्या नादीं लागूं नये.

मोजण्याची दुसरीहि एक रीत आहे. दाब पुरा भरून कॉम्प्रेसर बंद करावा आणि टाकीवरचा काटा किती वेळांत किती उतरतो तें पाहावें. टाकी ५०० लिटरची असून काटा ७ किलोवरून ५ किलोवर येण्यास ४ मिनिटें लागलीं, तर ५०० ला २ नें गुणून १,००० लिटर हवा ४ मिनिटांत गेली, म्हणजे मिनिटास २५० लिटर. दहा अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर मिनिटास हजार लिटरच्या आसपास हवा देतो. त्याचा चौथा हिस्सा येथेंच संपला. दाब उतरत जातो तशी गळतीहि मंदावते, यास्तव हा आंकडा खऱ्या गळतीपेक्षां थोडा कमीच येतो, हें ध्यानांत ठेवावें.

गळती सांपडते कोठें? लांबलचक सरळ नळीच्या मध्यावर ती क्वचितच असते. ती सांध्यांत, तोंडांत व लवचीक नळ्यांत असते. आमच्या पाहण्यांत जीं ठिकाणें आलीं त्यांत पहिला मान कपलिंगचा. हत्यार झटकन् लावतां व काढतां यावें म्हणून जें कपलिंग बसवितात, त्याच्या आंतलें रबरी कडें धुळीनें व मातीच्या कणांनीं झिजतें, आणि शेतींतल्या कार्यशाळेंत तर मातीस तोटा नाहीं. कपलिंग जमिनीवर टाकून देण्याची संवय मोडली व भिंतीस एक खुंटी मारून नळी तिच्यावर टांगली, तरी निम्मा त्रास वांचेल. त्याखालोखाल रबरी नळी. ती ट्रॅक्टरच्या चाकाखालीं येते, उन्हानें तडकते, वेल्डिंगची ठिणगी पडून तिला बारीक छिद्रें पडतात. कोणी तिच्यावर चिंधी गुंडाळतो, कोणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा. हा उपाय तासाभराचा असतो, पण तो वर्षभर तसाच राहतो. नळी जेथें तोंडावर चढविलेली असते तेथें बांधावयाची ती जुबली क्लिपनें; तारेचे पीळ दाब धरीत नाहींत.

नंतर येतो टाकीच्या बुडाचा ड्रेन व्हॉल्व्ह. हवा दाबली म्हणजे तिच्यांतील बाष्पाचें पाणी होऊन टाकीच्या तळाशीं सांचतें. पावसाळ्यांत तर ओंजळभर नव्हे, लोटाभर निघतें. तें रोज सोडून द्यावें लागतें, नाहीं तर टाकी आंतून गंजते. रोज वांकून व्हॉल्व्ह उघडण्याचा कंटाळा आलेला कामगार काय करितो, तर तो व्हॉल्व्ह किंचित् उघडाच ठेवून देतो. पाणी आपोआप जात राहतें हें खरें. पण पाण्यामागून हवाहि अखंड जात राहते. या एका संवयीनें जेवढी वीज वाया जाते तेवढी दहा सैल सांध्यांनीं जात नसेल. यावर ठराविक वेळानें क्षणभर उघडून बंद होणारा स्वयंचलित ड्रेन मिळतो, तो बसवावा. नाहीं तर सकाळीं कुलूप उघडणाऱ्या माणसाकडेच पाणी सोडण्याचें काम नेमून द्यावें. दाब नियमित करणारा रेग्युलेटर, पाणी गाळणारी कांचेची किंवा प्लॅस्टिकची वाटी, यांच्या खालच्या चकत्याहि पाहाव्या. कॉम्प्रेसर थांबतांना दाबाच्या स्विचापाशीं क्षणभर फुस्स असा आवाज होतो, तो स्वाभाविक आहे. पण तोच आवाज पुढेंहि चालूंच राहिला तर टाकीची हवा उलटी येत आहे व नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नाहीं असें समजावें.

मोठी गळती कानांस ऐकूं येते. सायंकाळीं ग्राइंडर, वेल्डिंग व पंखे बंद झाल्यावर, टाकींत दाब असतांना, एका माणसानें नळीच्या आरंभापासून शेवटपर्यंत सावकाश चालत जावें; दिवसा जी कार्यशाळा गुपचूप वाटते तिच्यांत किती सर्प फुत्कारत आहेत तें त्यास कळेल. जी गळती ऐकूं येत नाहीं तिला साबणाचें किंवा रिठ्याचें पाणी ब्रशानें सांध्यावर लावावें. फेस आला कीं चोर सांपडला. मनुष्याच्या कानास न ऐकूं येणारा सूक्ष्म आवाज टिपणारीं उपकरणेंहि आतां मिळतात. एका लहान संघानें तें उपकरण स्वतःपुरतें विकत घ्यावें असें आम्ही म्हणणार नाहीं. तालुक्यांतील चार-सहा संघांनीं मिळून एक ठेवावें व आळीपाळीनें फिरवावें. मात्र गळती शोधतांना बोट किंवा तळहात भोंकावर ठेवूं नये. दाबाची हवा कातडींतून आंत शिरल्यास जीवावर बेतूं शकतें. सांधा आवळावयाचा किंवा उघडावयाचा तो त्या नळींतील दाब पुरा सोडून दिल्यावरच. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनें गुंडाळावी व पहिला आटा मोकळा ठेवावा, म्हणजे टेपचा तुकडा सुटून व्हॉल्व्हांत अडकत नाहीं. टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हांतून हवा झिरपते म्हणून त्यास खुंटी ठोकून बंद करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. तो व्हॉल्व्ह बदलावयाचा असतो, बंद करावयाचा नसतो.

येथें एका गोष्टीचा उल्लेख थोड्या कडक शब्दांत करणें आम्हांस भाग आहे. शेतकऱ्याच्या घरीं पीव्हीसीच्या नळ्या पडलेल्या असतात. ठिबकाचें व पाइपलाइनचें काम करणारा माणूस गांवांत असतो. तेव्हां कार्यशाळेंतील गंजलेली लोखंडी नळी गळूं लागली कीं तिच्या जागीं पीव्हीसीची नळी चिकटवून देण्याचा मोह होतो. नळीवर किती किलो दाबाची तें छापलेलें असतें, म्हणून मनास समाधानहि वाटतें. परंतु तो छाप पाण्याकरितां आहे. पाणी दाबून जवळजवळ लहान होत नाहीं, म्हणून पाण्याची नळी चिरली कीं दाब तात्काळ उतरतो. हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगेप्रमाणें शक्ति सांठवून बसते. नळीस तडा गेला कीं ती सारी शक्ति एका क्षणांत बाहेर पडते व पीव्हीसीचे धारदार तुकडे कार्यशाळाभर उडतात. ऊन, तेल व कॉम्प्रेसरची उष्णता यांनीं ही नळी ठिसूळ होते, हें वेगळेंच. गळतीचे चार पैसे वांचविण्याकरितां माणसाचा डोळा घालविणें हा हिशेब कोणत्याहि वहींत बसत नाहीं. हवेकरितां जस्त चढविलेली लोखंडी नळी, ॲल्युमिनियमची नळी, किंवा खास हवेकरितां बनविलेली नळी, हींच वापरावी.

दाबाविषयीं थोडें बोलून मग मुख्य मुद्द्याकडे वळतों. ट्रॅक्टरच्या मागल्या टायरास वीस पौंडांच्या आसपास किंवा त्याहूनहि कमी हवा लागते, रंगाच्या फवाऱ्यास तीन-चार किलो पुरतात, नट सोडविणाऱ्या हत्यारास सुमारें सहा. असें असतां पुष्कळ ठिकाणीं कॉम्प्रेसर दहा किलोवर लावून ठेविलेला आम्ही पाहिला आहे, कारण विचारितां, “असूं द्या, हातचा असावा.” दाब १ किलोनें उतरविला तर विजेंत साधारण शेंकडा ६ ते ७ बचत होते, आणि शिवाय प्रत्येक भोंकांतून जाणारी हवाहि कमी होते, ती निराळीच. गळती बंद केल्यावर शेवटच्या नळावर दाब आपोआप सुधारतो. मग हळूहळू, अर्ध्या अर्ध्या किलोनें, कॉम्प्रेसरचा दाब उतरवीत जावा व कोणत्या ठिकाणीं काम अडतें तें पाहावें. सॉर्टेक्स यंत्रास मात्र त्याच्या बनविणाऱ्यानें सांगितलेला दाब व कोरडी हवा दिलीच पाहिजे. तेथें काटकसर केली तर चांगला दाणा खड्याबरोबर उडेल. आणि जमीन झाडण्यास हवेची बंदूक वापरण्याची जी नवी टूम निघाली आहे, तिच्याविषयीं काय लिहावें? केरसुणी अद्याप बाजारांत मिळते.

आतां मुख्य मुद्दा. वर जें सांगितलें त्यांत नवें असें फार थोडें आहे. कोणताहि जाणता फिटर तें जाणतो. मग गळती टिकते कां? आमच्या मतें तिचें कारण कार्यशाळेंत नसून दप्तरांत आहे. डिझेलची नोंदवही आहे, सुट्या भागांची आहे, ट्रॅक्टरच्या तासांची आहे, हवेची नाहीं. ज्याची नोंद नाहीं त्याची तूट दिसत नाहीं, आणि जी तूट दिसत नाहीं तिच्याबद्दल कोणासच जाब विचारतां येत नाहीं. खाजगी कारखानदार निदान आपल्या खिशास चटका बसला म्हणजे जागा होतो. संघाचें तसें नाहीं. येथें मालक पांचशें आणि म्हणून मालक कोणीच नाहीं. कामगार म्हणतो, सामान मागितलें तर मिळत नाहीं; चिटणीस म्हणतात, मिस्त्र्यानें कधीं लेखी कळविलें नाहीं; अध्यक्ष म्हणतात, बिल तर दरवर्षीं वाढतेंच. तिघेंहि खरें बोलतात.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, प्रत्येक कार्यशाळेंत एक साधी वही घालावी. पिकांची पाहणी हंगामांत होते, तशी ही पाहणी दर महिन्यास एका ठराविक दिवशीं व्हावी. त्या दिवशीं वर सांगितलेली घड्याळाची परीक्षा करून गळतीचें प्रमाण लिहावें; जेथें जेथें गळती सांपडली तेथें सुतळीनें एक क्रमांकाचा पत्रा बांधावा आणि तोच क्रमांक, जागा, सांपडल्याची तारीख व दुरुस्तीची तारीख वहींत नोंदवावी. पत्रा उतरवावयाचा तो दुरुस्ती झाल्यावर साबणाच्या पाण्यानें पुन्हां पाहून, आधीं नव्हे. आधीं मोठीं भोंकें बुजवावीं. चार-सहा मोठ्या जागांतच बहुतेक हवा जात असते, आणि बारीकसारीक झिरप्यामागें दिवस घालविण्यांत अर्थ नाहीं. मिस्त्र्याच्या हातीं टेप, चकत्या, क्लिपा व एक-दोन कपलिंगें यांपुरती किरकोळ रक्कम आगाऊ असावी, म्हणजे तीस रुपयांच्या वायसरकरितां त्यास तीन सह्यांची वाट पाहावी लागणार नाहीं. आणि विशेष म्हणजे, गळती सांपडली म्हणून कामगारास दोष देऊं नये. दोष देण्याची चाल पडली तर वहींत गळतीच सांपडेनाशी होईल; हें आम्ही दप्तरांत बसून पुष्कळ पाहिलें आहे.

यावर एक आक्षेप येईल, तो असा कीं, गळती बंद केली तरी बिल खालीं येत नाहीं, आम्ही करून पाहिलें आहे. हा आक्षेप कांहीं ठिकाणीं खरा असतो. पिस्टनचा लहान कॉम्प्रेसर दाब भरला कीं पुरता थांबतो, म्हणून तेथें बचत लागलीच दिसते. परंतु मोठ्या डाळमिलींत जो स्क्रू कॉम्प्रेसर असतो तो दाब भरल्यावरहि पुष्कळदां रिकामा फिरत राहतो, व तसा फिरतांना पूर्ण भाराच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी वीज घेतो. तेथें गळती बुजविल्यावर रिकामें फिरण्याची वेळहि कमी करावी लागते. हवा नको असेल तेव्हां यंत्र बंद करणें, किंवा दोन यंत्रें असल्यास एक थांबविणें, हें ज्याचें त्यानें पाहिलें पाहिजे. तसेंच कॉम्प्रेसर कोंडलेल्या गरम खोलींत ठेवूं नये. आंत घेतलेली हवा ४ अंश अधिक गरम असली तर सुमारें शेंकडा १ वीज जास्त लागते; भिंतीस एक झरोका पाडणें फार खर्चाचें नाहीं.

दुसऱ्या कॉम्प्रेसरचा ठराव आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या संघापुढें असेल, तर त्यांनीं सभेंत उठून इतकेंच विचारावें कीं, महिन्याच्या परीक्षेंत गळती शेंकडा किती निघाली? आंकडा १० च्या आंत असेल व तरीहि हवा पुरत नसेल, तर खुशाल नवा घ्यावा. त्यास आमचा विरोध नाहीं. आंकडा ३० असेल तर गळती बुजविल्यानें जी हवा मोकळी होईल तोच नवा कॉम्प्रेसर समजावा. आंकडाच नसेल तर ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवावा. नवें यंत्र पुरविणारा विक्रेता ही परीक्षा आपण होऊन करून देईल, अशी अपेक्षा बाळगूं नये.

ज्यांस महिन्याची परीक्षा लगेच सुरू करणें जमणार नाहीं, त्यांनीं निदान दोन रात्री एवढें करून पाहावें. पहिल्या रात्रीं काम बंद करितांना टाकींत पुरा दाब भरून, टाकीपुढील मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, मोटरीचें बटण बंद करावें आणि काटा कोठें आहे तें भिंतीवर खडूनें लिहून ठेवावें. सकाळीं कुलूप उघडतांच काटा पाहावा. तो पुष्कळ उतरला असेल तर दोष टाकींत, तिच्या ड्रेनांत, सेफ्टी व्हॉल्व्हांत किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हांत आहे. दुसऱ्या रात्रीं तसाच दाब भरून मुख्य व्हॉल्व्ह मात्र उघडा ठेवावा. पहिल्या रात्रीं काटा जागचा न हलतां दुसऱ्या रात्रीं तो शून्यावर आला, तर टाकी निर्दोष असून शोध पुढच्या नळ्यांत घ्यावयाचा आहे, व तो मुख्य व्हॉल्व्हच्या पुढच्या पहिल्या सांध्यापासून सुरू करावा.